निकाल झाकून वाचा

वाचकांचे प्रश्न : संविधानाचा अभ्यास

विधी महाविद्यालयात अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि धर्मस्वातंत्र्य शिकताना पडलेले प्रश्न पाठवा, असं आवाहन केलं होतं. पत्रं भरपूर आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम. सर म्हणतात, अनुच्छेद १९ (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) आणि २५ (धर्मस्वातंत्र्य) वरचे मूळ निकाल वाचा. पण लांबलचक इंग्रजी निकालपत्रं वाचताना दमछाक होते. सीनियर म्हणतात, गाइड वाच, पास होशील. काय करू?

तुझे सीनियर खोटं सांगत नाहीत. पास व्हायला गाइड पुरतं. पण हे दोन अनुच्छेद गाइडमधून वाचले की नुसता निकाल हाती येतो. तो आपल्या मताशी जुळला की आपण खूश, नाही जुळला की न्यायाधीशांना नावं ठेवायला मोकळे. कराराच्या कायद्यात असं होत नाही, कारण ऑफर आणि ॲक्सेप्टन्सबद्दल कुणी घरून मत घेऊन येत नाही. इथे मात्र वर्गातला प्रत्येक जण मत घेऊनच बाकावर बसलेला असतो. ते मत तासभर बाजूला ठेवता येणं, हा या विषयाचा निम्मा अभ्यास आहे असं मी समजते.

सुरुवात मोठ्या निकालाने करूच नकोस. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ (१९८६) घे. निकाल छोटा आहे आणि न्या. चिन्नप्पा रेड्डी यांचं इंग्रजी सरळ आहे. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, सोडून दे. ती संपादकाने लिहिलेली असते, कोर्टाने नव्हे. पेन्सिल घेऊन समासात तीनच खुणा कर : जे घडलं तिथे ‘घ’, कोर्टापुढचा प्रश्न आला की ‘प्र’, आणि कोर्ट कारण देतंय तिथे ‘का’. शेवटची पानं एका कागदाने झाक. घटना वाचून झाल्या की त्या कागदावर तुझा निकाल लिही, कारणासकट. मग पुढे वाच.

घटना अशा. केरळमधल्या एका शाळेत दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी तीन भावंडं. कुटुंब ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचं. सकाळी राष्ट्रगीत सुरू झालं की मुलं आदराने उभी राहत, पण गात नसत. एका आमदाराच्या ते नजरेस आलं, विधानसभेत प्रश्न गेला, चौकशी समिती नेमली गेली. मुलं शिस्तीची आहेत, त्यांनी कधी अनादर केलेला नाही, असा समितीने अहवाल दिला. तरीही जुलै १९८५ मध्ये तिघांना शाळेतून काढलं. उच्च न्यायालयाने राष्ट्रगीत बारकाईने तपासलं आणि म्हटलं, यात कुणाच्या धर्माला दुखावणारा एक शब्द नाही. याचिका फेटाळली.

इथे थांब. बहुतेकांना उच्च न्यायालयाचं पटतं. खरंच, राष्ट्रगीतात धर्माविरुद्ध काय आहे? सर्वोच्च न्यायालय म्हणालं की प्रश्नच चुकीचा विचारला गेला. एखादी श्रद्धा आपल्या बुद्धीला किंवा भावनेला पटते का, हे पाहायचं नाही. ती मनापासून, सचोटीने बाळगलेली आहे का, एवढंच पाहायचं. आपली वैयक्तिक मतं इथे गैरलागू आहेत, असंही त्याच परिच्छेदात लिहिलंय. ही ओळ देशप्रेमाबद्दल ठाम मतं असलेल्या न्यायाधीशालाही बांधते.

पण माझ्या दृष्टीने खरं शिकण्यासारखं याच्या अलीकडे आहे. कोर्टाने आधी साधा प्रश्न विचारला : मुलांना गायला लावणारा कायदा कुठाय? कायदा नव्हता. शिक्षण खात्याची दोन परिपत्रकं होती आणि त्यांना कायद्याचं बळ नव्हतं. १९(२) खाली, म्हणजे अभिव्यक्तीवर, निर्बंध घालायचा तर तो कायद्यानेच घालावा लागतो. १९७१ चा राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाबद्दलचा कायदा होता, पण तो राष्ट्रगीत अडवणाऱ्याला आणि त्यासाठी जमलेल्यांत गोंधळ घालणाऱ्याला शिक्षा करतो, गप्प उभ्या राहणाऱ्याला नाही. म्हणजे भावनेने भरलेला खटला निम्मा सुटला तो परिपत्रकाचा दर्जा तपासून. गाइडमध्ये हे दोन ओळींत उरकलेलं असतं आणि त्या दोन ओळींत परिपत्रक नसतं.

शिवाय हा एकच खटला १९(१)(अ) आणि २५ या दोन्हींवर उभा आहे. गप्प राहणं हीसुद्धा अभिव्यक्ती. परीक्षेत दोन्ही घटकांखाली वापरता येतो, हा वरचा फायदा.

सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर काही निकालांचे मराठी अनुवाद मिळतात. समजायला जरूर वाच. उत्तरात मात्र इंग्रजी मजकुराचाच आधार घे, अधिकृत तोच असतो.

प्रश्न : आमच्या मूट कोर्टमध्ये (सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्यात) प्रॉब्लेम असा : राज्य सरकारने एका ऐतिहासिक पुरुषाच्या चरित्रावर बंदी घातली आहे. माझ्या वाट्याला सरकारची बाजू आली. मला पुस्तकबंदी मुळीच मान्य नाही. बाजू बदलून मागू का?

मागू नकोस. तुला हवी होती ती बाजू आली असती तर तू चार चांगली वाक्यं तळमळीने म्हणून खाली बसली असतीस.

सरकारच्या हातात काय आहे ते आधी बघ. ‘रामजीलाल मोदी’ (१९५७) मध्ये पाच न्यायाधीशांनी धार्मिक भावना दुखावण्याचं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम २९५अ वैध ठरवलं. कारण असं की हे कलम हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेल्या अवमानापुरतंच आहे, सहज बोलून गेलेल्याला ते लागत नाही. सरकारचा तो भक्कम पाया. पुस्तक जप्त करण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९८ मध्ये आहे. ‘बरगूर रामचंद्रप्पा’ (२००७) मध्ये कर्नाटक सरकारची जप्ती सर्वोच्च न्यायालयाने टिकवली, तोही तुझ्या बाजूचा.

आता तुझं दुखणं कुठे असेल? बंदीच्या अधिसूचनेत. सरकारला आपल्या मताची कारणं तिथेच द्यावी लागतात. ‘हरनाम दास’ (१९६१) मध्ये कारणं नव्हती, म्हणून आदेश गेला. शिवाजी महाराजांवरच्या जेम्स लेन यांच्या पुस्तकाची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, तेव्हा एक मुद्दा हाच होता की कोणत्या समाजांमध्ये वैर निर्माण होणार हे अधिसूचनेत सांगितलेलंच नाही. ‘लोक चिडले’ एवढं पुरत नाही. कोण, कुणावर आणि कोणत्या मजकुरामुळे, हे लागतं. तुझ्या मूट प्रॉब्लेमची अधिसूचना हातात घे आणि हे तिन्ही त्यात शोध. सापडलं तर तुझी केस चांगली आहे. नाही सापडलं तर ती उणीव समोरच्याच्या आधी तूच मांड आणि उत्तर दे.

मतं बाजूला ठेवण्याचे दोन जुने नमुने सांगते. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन साप्ताहिकांचे निकाल एकाच दिवशी दिले. ‘क्रॉस रोड्स’ मुंबईतून निघणारं, डाव्या विचारांचं. मद्रास सरकारने त्याला राज्यात यायला बंदी केली होती. ‘ऑर्गनायझर’ दिल्लीचं, उजव्या विचारांचं. त्याच्यावर छापण्याआधी मजकूर दाखवण्याची सक्ती होती. दोघंही जिंकले आणि कारणही एकच : ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हा आधार तेव्हा १९(२) मध्ये नव्हता. न्या. फझल अली यांचं भिन्न मतसुद्धा दोन्हींत आहे, म्हणजे विरोध करणाऱ्यानेही माणूस पाहून बाजू बदलली नाही. सरकारला हे इतकं झोंबलं की पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती आली आणि १९(२) मध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आलं. ‘वाजवी’ निर्बंध हा शब्दही त्याच दुरुस्तीने आला. दुरुस्तीला शिव्या घालताना हे दुसरं सोयीस्करपणे विसरलं जातं.

दुसरा नमुना मुंबई उच्च न्यायालयाचा, १९६९ चा. ‘गांधीहत्या आणि मी’ हे पुस्तक सरकारने जप्त केलं होतं. लेखक गोपाळ गोडसे, गांधीहत्येच्या कटात शिक्षा भोगून आलेले. जप्तीविरुद्धचा अर्ज तीन न्यायाधीशांच्या पीठापुढेच चालवावा लागतो. त्या तिघांनी आक्षेप घेतलेला मजकूर तपासला आणि जप्ती रद्द केली. लेखकाबद्दल त्यांना काय वाटत असेल, याचा अंदाज कुणीही करू शकतो.

प्रश्न : आमच्या घरात वारकरी परंपरा आहे, माझ्या गळ्यात माळ आहे. ‘अत्यावश्यक धार्मिक प्रथा’ हा भाग शिकवताना वर्गात श्रद्धेची थट्टा होते. मला मुळात हेच कळत नाही की माझ्या धर्मात काय अत्यावश्यक आहे हे कोर्ट कसं ठरवतं? सरांना विचारलं तर ते म्हणाले, सिलॅबसपुरतं वाच.

तुझा प्रश्न सिलॅबसमधलाच आहे. किंबहुना या घटकात दुसरा मोठा प्रश्नच नाही.

२ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकर म्हणाले होते की या देशातल्या धर्मकल्पना जन्मापासून मरणापर्यंत सगळं आयुष्य व्यापतात, तेव्हा धर्माची व्याख्या श्रद्धा आणि मूलतः धार्मिक असलेले विधी यांच्यापलीकडे जाऊ देता कामा नये. त्यांची चिंता स्पष्ट होती. जमीन, वारसा, विवाह सगळंच धर्मात गेलं तर कायदेमंडळाला सुधारणा करायला जागाच उरणार नाही. म्हणजे त्यांचा प्रश्न होता : ही गोष्ट धार्मिक आहे की ऐहिक?

१९५४ मध्ये उडुपीच्या ‘शिरूर मठ’ खटल्यात न्या. बी. के. मुखर्जी यांनी म्हटलं की धर्माचा आवश्यक भाग कोणता हे त्या धर्माच्याच शिकवणुकीवरून ठरवायचं. देवाला अमुक वेळी नैवेद्य दाखवावा असं धर्म सांगत असेल, तर त्यात पैसा खर्च होतो म्हणून ते ऐहिक ठरत नाही. त्याच वर्षी ‘रतिलाल गांधी’ खटल्यातही त्यांचीच ही भूमिका. तो आपल्याकडचा : धर्मादाय आयुक्त ज्या कायद्याखाली काम करतात, त्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याला दिलेलं आव्हान. इथपर्यंत तुला तक्रारीला फारशी जागा नाही.

वळण आलं १९६१ मध्ये, अजमेर दर्ग्याच्या खटल्यात. न्या. गजेंद्रगडकर यांनी सावधगिरीची सूचना म्हणून लिहिलं की काही प्रथा अंधश्रद्धेतून आलेल्या, धर्माला बाहेरून चिकटलेल्या असू शकतात, त्या पारखून घ्याव्या लागतील. सूचना म्हणून लिहिलेलं ते पुढे कसोटी होऊन बसलं. प्रश्न बदलला. आता ‘ही गोष्ट धार्मिक आहे का’ एवढ्यावर भागेना. ‘धर्मासाठी ती किती महत्त्वाची’ हे कोर्ट विचारू लागलं आणि त्यासाठी ग्रंथ उघडू लागलं. तुला खटकतंय ते हे.

आणि लगेच दुसऱ्या वर्षीचा निकाल बघ. १९४९ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने जातीतून, पंथातून बहिष्कृत करण्यावर बंदी होती. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा रद्द झाला. धार्मिक कारणावरून बहिष्कार हा पंथाच्या कारभाराचा भाग आहे, अनुच्छेद २६ त्याचं रक्षण करतो, असं बहुमत. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात. वाळीत टाकलेला माणूस माणूस म्हणून जगूच शकत नाही, हे त्यांनी अस्पृश्यतेच्या शेजारी ठेवून पाहिलं. मला त्यांचं मत पटतं, हे लपवत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, तो १९६२ च्या निकालाशेजारी ठेवून वाच. तो बहुमताचा निकाल बरोबर होता का, हे पुन्हा तपासण्याचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला.

शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाचा निकाल (२०१८) वाचताना आधी न्या. इंदू मल्होत्रा यांचं भिन्न मत वाच. श्रद्धेला तर्काची कसोटी लावणं कोर्टाचं काम नाही, हे त्यांनी मांडलंय. मग न्या. चंद्रचूड यांचं. ते बहुमतातले, निष्कर्ष अगदी उलटा, पण धर्मातलं अत्यावश्यक काय हे कोर्टाने ठरवण्याबद्दल शंका त्यांनाही आहेच. त्यांनी वेगळी वाट काढली : प्रथा अत्यावश्यक असो वा नसो, तिच्यामुळे माणसाला वगळून त्याची प्रतिष्ठा हिरावली जाते का, ते बघा. दोन टोकांवरचे न्यायाधीश तुझ्याच प्रश्नाशी अडलेत. सरांना पुढच्या तासाला हे सांग.

थट्टेबद्दल. वर्गात हसणाऱ्यांना ‘बिजो’मधली सचोटीची कसोटी आणि १९६१ ची बाहेरून चिकटल्याची कसोटी या दोन्ही सांग आणि विचार : मग कोणती लावायची? मुलं गप्प होतील. पण तुलाही एक काम आहे. अनुच्छेद २५ ची सुरुवातच ‘सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि या भागातल्या इतर तरतुदींच्या अधीन’ अशी आहे आणि २५(२) मध्ये समाजसुधारणेचा दरवाजा मुद्दाम ठेवलाय. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे शनिशिंगणापूरच्या निमित्ताने स्त्रियांच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न आला, आणि त्याच वर्षी हाजी अली दर्ग्याचाही. दोन्हींवर तुझं उत्तर लिही. पहिल्याला लावलेलं माप दुसऱ्याला बदललं का, ते स्वतःच तपास.

प्रश्न : अमेरिकन खटले किती करावेत? मुलाखतीत आणि मूटमध्ये छाप पडते म्हणतात.

एक-दोन पुरेत. अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या तिथल्या पहिल्या घटनादुरुस्तीत आपल्या १९(२) सारखी निर्बंधांची यादी नाही, त्यामुळे तिथलं वाक्य उचलून इथे ठेवलं की सांधा निखळतो. वाचायचंच असेल तर ‘गोबायटिस’ (१९४०) आणि ‘बार्नेट’ (१९४३) ही जोडी वाच. त्याच ‘यहोवाचे साक्षीदार’ पंथाची मुलं, ध्वजवंदनाची सक्ती, आणि तीन वर्षांत त्याच सर्वोच्च न्यायालयाने फिरवलेला निकाल. छाप पाडायची तर हे जास्त उपयोगी.

प्रश्न : नवीन फौजदारी संहिता आल्यावर जुनी कलमं पाठ करायची का?

दोन्ही. निकालांत जुनेच आकडे आहेत. १५३अ (समाजांमध्ये वैर पसरवणं) म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं १९६, २९५अ म्हणजे २९९. १ जुलै २०२४ पासून लागू. आणि हेही ध्यानात असू दे की १९ नागरिकांपुरतं आहे, २५ सर्व व्यक्तींना. दर वर्षी निम्मा वर्ग इथे गुण घालवतो.

प्रश्न : मुलगी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांशी घटनेवरून वाद घालते, सरकारवर टीका करणारे स्टेटस ठेवते. उद्या कुणी तक्रार केली तर? तिला गप्प बसायला सांगू का? — एक वडील

तुमची भीती खोटी नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्यातल्या एकीने तर नुसतं ‘लाइक’ केलं होतं. त्यातूनच ‘श्रेया सिंघल’ खटला उभा राहिला आणि मार्च २०१५ मध्ये आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा करणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. चर्चा आणि समर्थन कितीही कडू असलं तरी चालेल, चिथावणीला पोहोचलं तरच कायदा हात घालेल, हा त्यातला गाभा.

तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळचा खटला कोल्हापूर जिल्ह्यातला आहे. तिथल्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं : ५ ऑगस्ट (अनुच्छेद ३७० हटवल्याचा दिवस) हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस. आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. १५३अ खाली गुन्हा नोंदवला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. सरकारच्या निर्णयाला नाव ठेवणं हा हक्क आहे आणि दुसऱ्या देशाला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणं म्हणजे वैर पसरवणं नव्हे, असं सांगून. निकाल शोधायचा तर ‘जावेद अहमद हजाम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’.

त्यात वापरलेलं माप नागपूरचं आहे. तिथल्या उच्च न्यायालयात न्या. विवियन बोस यांनी लिहिलं होतं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने मोजा, डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे. मुलीला ते मूळ वाचायला सांगा. ग्रुपवरच्या काकांनाही पाठवता येईल.

आता वकील म्हणून. प्राध्यापक सुटले, पण दीड वर्षाने आणि दिल्लीपर्यंत जाऊन. तेवढा काळ डोक्यावर गुन्हा असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) नुसार, तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करू शकतात. २०२५ मध्ये ‘इम्रान प्रतापगढी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार आली तर अशी चौकशी करणं सहसा योग्य. तेव्हा तक्रार झालीच, तर त्या कलमाचा लेखी उल्लेख करून अर्ज द्यायचा आणि गुन्हा नोंदला गेलाच तर तो रद्द करून मागायला त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालय आहे.

गप्प बसायला सांगू नका. सरकारच्या निर्णयावर, कायद्यावर, निकालावर तिने हवं ते लिहावं. एखाद्या समाजाबद्दल सरसकट विधान टाकताना मात्र पाठवण्याआधी पुन्हा वाचावं, १९६ चा गुन्हा तिथून सुरू होतो. फॉरवर्ड केलेला मजकूरही तिच्याच नावावर धरला जाऊ शकतो. आणि काकांशी वाद घालायचा तर ग्रुपवर न घालता समोर बसून घालावा. तिथे स्क्रीनशॉट काढता येत नाही.